मराठवाड्यातील ग्रामीण रस्ते : गाव जोडले गेले, शेत राहिले

मराठवाड्यातील असंख्य गावांना पहिली धड वाट मिळाली ती १९७२ च्या दुष्काळात, खडी फोडण्याच्या आणि मातीकामाच्या मजुरीतून. पुढे १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने या कामांना कायमचा आधार दिला. मात्र त्यांचा पहिला हेतू हाताला काम देणे हा होता. इथली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर मुरमाचा पातळ थर टिकत नाही आणि ओढ्यांवरील पुलांना लागणारा पैसा मजुरीच्या हिशेबात बसत नाही. त्यामुळे कागदावर रस्ता असूनही ऐन पावसाळ्यात बाळंतिणीला बाजेवरून न्यावे लागे.

डिसेंबर २००० मध्ये केंद्राची ग्रामसडक योजना आली आणि बारमाही रस्ता हे उद्दिष्ट झाले. वाद आहे तो या योजनेतील ‘जोडलेली वस्ती’ या व्याख्येचा. सपाट प्रदेशात ५०० लोकसंख्येची वस्ती पात्र ठरली. बारमाही रस्त्यापासून ५०० मीटरच्या आत असलेली वस्ती जोडलेली मानली गेली, आणि प्रत्येक वस्तीला मुळात एकच रस्ता देण्याचे धोरण होते. जवळजवळच्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरण्याची मुभा होती, हे खरे. तरीही शिवारात विखुरलेले लहान तांडे आणि शेतवस्त्या यांवर या निकषाने अन्याय केला, कारण त्यांची संख्या कमी असली तरी दवाखान्याची आणि शाळेची गरज कमी नव्हती. शिवाय रस्ता तालुक्याच्या दिशेने गेला, पण आठवडी बाजाराचे गाव दुसऱ्या बाजूला असेल, तर गाव जोडलेले ठरूनही शेतकऱ्याचा फेरा तसाच राहिला.

जिथे रस्ता टिकला तिथे दूध संकलनाची गाडी गावात येऊ लागली, मुलींचे माध्यमिक शिक्षण सोपे झाले आणि रोज शहरात कामाला जाऊन मुक्कामी परतणे शक्य झाले. जमिनीचा वापरही बदलला. तोडलेला ऊस लवकर गाळपाला जावा लागत असल्याने वाहन फडापर्यंत पोहोचते का, यावर पीक ठरू लागले. सडकेलगतच्या जमिनीला भाव आला, हॉटेले आणि खतांची दुकाने उभी राहिली, शहरांजवळ प्लॉट पडले. त्याच शिवारातील आतली जमीन मात्र मागे पडली.

म्हणूनच आता भांडण पाणंद आणि शिवरस्त्यांवर, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या वाटांवर आले आहे. वाटण्यांमुळे बांध कोरले गेले, गाडीवाटा अरुंद झाल्या. १९६६ च्या महसूल संहितेतील कलम १४३ नुसार बांधावरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. जुनी वाट अडवली गेली असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचा आधार घेतला जातो. पण आदेश मिळाला तरी अंमलबजावणी मोजणी आणि बंदोबस्तापाशी अडते, आणि तोवर पेरणीचा हंगाम निघून जातो. २०२५ मध्ये शासनाने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घेण्याचे ठरवले. माझ्या मते हे पाऊल डांबरीकरणाच्या आधी पडायला हवे होते, कारण नोंद नसलेली वाट शेजारी बदलला की बंद होते.