पहिली पाळी ते पहिलं बाळंतपण: मधल्या वर्षांतली सिगरेट

गेल्या दिवाळीत भाचीला घेऊन सोमेश्वरला निघाले होते. नाशिकच्या गंगापूर रोडला तिने एका टपरीपाशी गाडी थांबवायला लावली, मला वाटलं चहा प्यायचाय, तर बाईसाहेबांनी एक सुट्टी सिगरेट घेतली आणि वर मलाच म्हणते, "मावशी, आईला बोलू नकोस हं." वय १९. मी ओरडले नाही, ओरडून उपयोग नसतो हे माहितीये. फुफ्फुसांचं काढलं तर म्हणाली ते म्हातारपणी बघू. मग मी म्हटलं अगं ब्रेस्ट कॅन्सरशी पण संबंध आहे याचा, तर हसायलाच लागली. "काहीही हं मावशी! धूर तिकडे कुठे जातो?"

प्रश्न तसा चुकीचा नाही. मी लॅबमध्ये नोकरी करते, डॉक्टर नाही, पण वाचायची खोड आहे, आणि याच प्रश्नावर मोठमोठे संशोधकसुद्धा कित्येक वर्षं घोळ घालत बसले होते. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू, कारण ही गोष्ट सरळ रेषेत गेलेलीच नाही.

स्तनाच्या कॅन्सरचा विचार बाळंतपणाशी जोडून करायची सवय फार जुनी. इटलीत रामाझिनी नावाच्या वैद्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलंय की कॉन्व्हेंटमधल्या नन्समध्ये हा आजार जास्त दिसतो. मग १९२६ ला इंग्लंडमध्ये जॅनेट लेन-क्लेपन या बाईंनी ५०० आजारी बायका आणि ५०० बऱ्या बायका अशी समोरासमोर तुलना केली, लग्न कधी झालं, मुलं किती, अंगावर पाजलं का, सगळं विचारलं. उशिरा लग्न, कमी मुलं, कमी स्तनपान म्हणजे धोका जास्त, हे तेव्हाच निघालं होतं. आज आपण याला 'रिस्क फॅक्टर' म्हणतो, पाया त्या बाईंनी घातला.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९२९ च्या ईस्टरला, न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड बर्नेज नावाच्या पब्लिसिटीवाल्याने अमेरिकन टोबॅको कंपनीसाठी काही तरुण पोरींना भर रस्त्यात सिगरेट ओढत चालायला लावलं आणि पेपरात नाव काय दिलं तर 'स्वातंत्र्याच्या मशाली'. तोवर तिकडेही बाईने चारचौघांत सिगरेट ओढणं म्हणजे शोभत नाही असंच होतं. पुढे १९६८ ला तर खास बायकांसाठी बारीक लांब सिगरेटचा व्हर्जिनिया स्लिम्स ब्रँडच काढला. माल तोच, पण विकताना मोकळेपणा विकायचा. माझ्या भाचीने बर्नेजचं नाव ऐकलेलं नाही, पण ती टपरीवर ज्या ऐटीत उभी होती ना, ती ऐट त्याच्याच दुकानातली.

आता मजा बघा. १९५० ला ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल, अमेरिकेत वाइंडर आणि ग्रॅहम, संशोधकांच्या या दोन्ही जोड्यांनी सिगरेट आणि फुफ्फुसाचा कॅन्सर यांचं नातं दाखवलं. १९६४ ला अमेरिकन सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या आरोग्यप्रमुख डॉक्टरचा, तो गाजलेला रिपोर्ट आला, त्यात फुफ्फुसाच्या कॅन्सरचं कारण सिगरेट हे ठाम लिहिलं ते पुरुषांबद्दल, बायकांचा डेटा कमी पण दिशा तीच, असं म्हणून पुढे गेले. स्तनाचा तर विषयच मागे राहिला. आणि जेव्हा विषय निघाला तेव्हा उलटंच निघालं! १९८२ च्या आसपास मॅकमॅहन वगैरे मंडळींनी सिगरेट ओढणाऱ्या बायकांच्या लघवीत इस्ट्रोजेन कमी सापडतं असं दाखवलं. सिगरेट ओढणाऱ्यांची पाळीही वर्ष-दोन वर्षं लवकर जाते. आणि इस्ट्रोजेन तर स्तनाच्या कॅन्सरला खतपाणी घालणारं हार्मोन. मग काहींनी हिशोब मांडला, इस्ट्रोजेन कमी म्हणजे धोकाही कमीच की. सिगरेट उलट वाचवते की काय, असा प्रश्न सिरियसली विचारला गेलाय, मी चेष्टा करत नाहीये.

दुसरा घोळ दारूचा. हे नाशिककरांना पटकन कळेल, आपलं गावच आता वाइन कॅपिटल म्हणून मिरवतं. पाश्चात्त्य देशांत जी बाई सिगरेट ओढते ती बऱ्याचदा दारूही घेते, आणि दारूने स्तनाचा कॅन्सर वाढतो हे पक्कं आहे, मग दोष कुणाचा हे सुटं कसं करायचं? २००२ ला ५३ स्टडीजचा डेटा एकत्र केला गेला, ५८,५१५ रुग्ण बायका आणि ९५,०६७ बऱ्या बायका, एवढा मोठा ढीग. उत्तर आलं की रोज १० ग्रॅम अल्कोहोल म्हणजे साधारण एक छोटा ग्लास, त्यामागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो, आणि दारू न पिणाऱ्या बायकांपुरतं बघितलं तर सिगरेटचा म्हणण्यासारखा परिणाम नाही. झालं, अनेकांनी फाइल बंद केली. दोन वर्षांनी आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेचा रिपोर्ट आला, त्यातही सिगरेट आणि स्तनाचा संबंध नाही असंच धरलं होतं.

पण त्याच २००२ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामधून एक छोटा पेपर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यांनी 'ओढते की नाही' एवढंच न विचारता 'कधी सुरू केलं' हे विचारलं, आणि वयाची वर्षं न मोजता पहिल्या पाळीपासून मोजलं. पाळी सुरू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत ज्यांनी सिगरेट धरली, ज्यांना गर्भारपण येऊन गेलंय आणि ज्यांची पाळी अजून चालू आहे, अशा बायकांत धोका जवळपास ७० टक्क्यांनी जास्त निघाला. मला विचाराल तर सगळी गोष्ट इथे वळते. आधीचे लोक सगळ्या वयाच्या, सगळ्या टप्प्यावरच्या बायका एका टोपलीत टाकून सरासरी काढत होते, त्यात लहानपणीचं नुकसान आणि उतारवयातली इस्ट्रोजेनची घट एकमेकांना खाऊन टाकत होती, हातात येत होतं शून्य.

का असं, ते सांगायला मला द्राक्षाशिवाय चांगलं उदाहरण सापडलं नाही. भाचीच्या वडिलांची, म्हणजे आमच्या भावजींची दिंडोरीकडे बाग आहे. बागेची छाटणी दोनदा, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी. माल बाजारात जातो ऑक्टोबरनंतरचा, पण घड तयार होतो आधीच, एप्रिल छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत, काडीवरच्या डोळ्याच्या आत, बाहेरून काहीच दिसत नाही. त्या दिवसांत ढगाळ राहिलं, ऊन मिळालं नाही, तर वेल वरून हिरवागार असतो पण ऑक्टोबरला डोळा फुटतो आणि त्यातून माल निघत नाही. मग ऑक्टोबरात कितीही खत-औषध मारा.

स्तनाचं तसंच. पाळीच्या सुमाराला आतल्या नळ्या वाढायला लागतात, टोकाला कोंबासारख्या गाठोळ्या असतात आणि तिथल्या पेशी भराभर दुप्पट होत असतात. त्या पूर्ण पक्व होतात पहिल्या पूर्ण दिवसांच्या गर्भारपणात, दूध बनवायची तयारी करताना. तोवर कच्च्या. कच्च्या, वेगाने वाढणाऱ्या पेशीच्या डीएनएला धक्का लागला की चूक दुरुस्त व्हायच्या आधीच तिची कॉपी निघते. चार्ल्स हगिन्सने १९६१ ला उंदरांवर दाखवलं होतं, कोवळ्या मादीला एका कॅन्सरकारक रसायनाचा एकच डोस दिला तरी स्तनात गाठी येतात, आणि नंतर रूसो दांपत्याने दाखवलं की पिल्लं होऊन गेलेल्या मादीत ते प्रमाण फारच कमी. माणसांतलं उदाहरण मन सुन्न करणारं आहे, हिरोशिमा-नागासाकी. बॉम्बच्या वेळी ज्या मुली वीसच्या आतल्या होत्या त्यांच्यात पुढे कितीतरी वर्षांनी स्तनाचा कॅन्सर जास्त आढळला, मोठ्या बायकांत तेवढा नाही.

आणि धूर तिकडे जातो का, तर जातो. १९७८ लाच सिगरेट ओढणाऱ्या, बाळ अंगावर नसलेल्या बायकांच्या स्तनातल्या स्रावात निकोटिन सापडलं होतं. धुरातली बेन्झोपायरीनसारखी रसायनं चरबीत विरघळतात, आणि स्तनात चरबीला काय कमी. रक्तातून पोचतात, बसतात.

मग पुढचा डेटा बघताना सगळ्यांची नजरच बदलली. २००९ ला कॅनडाच्या तज्ज्ञांच्या पॅनलने सरळ म्हटलं की हे कारण-परिणामाचंच नातं आहे. २०११ ला अमेरिकेच्या नर्सेस हेल्थ स्टडीचा निकाल आला (१९७६ ला सुरू झालेला, सव्वा लाखाच्या आसपास नर्सबायकांचा), त्यात जास्त धोका पहिल्या मुलाच्या आधी ओढलेल्या सिगरेटींचा आणि पाळी गेल्यानंतरच्या सिगरेटींचा उलट किंचित कमी. तीस वर्षांचं कोडं एका टेबलात. २०१३ ला अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या ७३,३८८ बायकांच्या पाहणीत, पाळी यायच्याही आधी सुरू केलेल्यांना ६१ टक्के जास्त, आणि पाळीनंतर पण पहिल्या मुलाच्या ११ किंवा जास्त वर्षं आधी सुरू केलेल्यांना ४५ टक्के जास्त. २०१७ ला ब्रिटनच्या लाखावर बायकांत, १७ वर्षांच्या आत सुरू केलं तर २४ टक्के.

हे टक्के वाचून घाबरू नका, शंभरातल्या ६१ जणींना होतो असा अर्थ नाही, न ओढणारीचा जो मुळातला धोका आहे त्याच्यावर एवढी भर. फुफ्फुसाच्या तुलनेत ही भर लहानच आहे. आणि अधिकृत भाषा अजूनही जपून आहे, अमेरिकन सर्जन जनरलने २०१४ ला 'पुरावा सूचक आहे पण पुरेसा नाही' असंच लिहिलं, आयएआरसीनेही मत बदललं पण 'मर्यादित पुरावा' इथवरच. मला वैयक्तिक ते फारच जपून वाटतं, पण असो.

आता आपल्याकडे यायचं तर हे आकडे बहुतेक गोऱ्या, शिकलेल्या, सिगरेट ओढणाऱ्या बायकांचे. आपल्या बायकांची तंबाखू वेगळीच होती. माझी आजी सिन्नरची. विड्या वळायची. टेंभुर्णीची पानं रात्री ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याचं माप लावून कात्रीने कापायची, मांडीवर सूप, त्यात तंबाखू, चिमूटभर पानात घालून दोन बोटांत गोल फिरवून दोरा बांधायचा आणि टोक नखाने मुडपायचं, बोलता बोलता. मजुरी हजारावर. कारखान्याचा माणूस नापसंत म्हणून ज्या विड्या बाजूला काढायचा त्यांचे पैसे बुडाले. आजीने आयुष्यात हजारोंनी विड्या वळल्या, एकही ओढली नाही. पण मिश्री? ती सकाळ-संध्याकाळ. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, घरभर खोकला, मग कुटून डबीत. 'दात शिवशिवतात' म्हणून. पुणे जिल्ह्यात १९६०-७० च्या सुमारास लाखभर गावकऱ्यांच्या तोंडाची तपासणी झाली तेव्हा मिश्री लावणाऱ्यांत जवळपास सगळ्या बायकाच निघाल्या. मिश्रीचं प्रकरण तोंडाचं आणि पोटातल्या बाळाचं, मुंबईत १२१७ गरोदर बायकांच्या पाहणीत तंबाखू खाणाऱ्या-लावणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली होती. स्तनाच्या कॅन्सरशी तिचा तसा पुरावा जोडता येत नाही, उगाच जोडूही नये.

सिगरेट-विडी ओढणाऱ्या बायका देशात अजूनही थोड्याच, २०१६-१७ च्या सरकारी सर्व्हेत २ टक्के, पुरुष १९ टक्के. आणि भारतात स्तनाचा कॅन्सर वाढलाय, २०२२ चा अंदाज १,९२,०२० नव्या केसेसचा, तो काही सिगरेटमुळे वाढलेला नाही. त्याची कारणं लेन-क्लेपन बाईंच्याच यादीतली, उशिरा मूल, कमी मुलं, कमी पाजणं, आणि वर लवकर येणारी पाळी, वाढतं वजन.

पण हीच यादी सिगरेटशेजारी ठेवून बघा. आजीला पाळी आली चौदाव्या वर्षी, पहिलं मूल सतराव्या. मधे तीन वर्षं. आईचं तेरा आणि बावीस, नऊ वर्षं. भाचीला बाराव्या वर्षी आली, आणि लग्न तिशीच्या आत नाही म्हणते, म्हणजे मधे अठरा-वीस वर्षं, पेशी कच्च्या असण्याची. लवकर लग्न करा असं कुणी यातून काढू नका, आजीच्या नशिबात काय होतं ते मी पाहिलंय. पण एवढा लांबलेला काळ आमच्या घरात आधी कुठल्याच बाईला नव्हता, आणि नेमकी त्याच काळात कॉलेज रोडची टपरी आली. वर घरात बाप-भाऊ ओढत असतील तर त्या धुराचाही संशय आहेच, कॅनडावाल्या पॅनलने तरुण बायकांच्या बाबतीत तोही धरलाय.

महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगरेट-विडी विकायला बंदी घातली. शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांत विक्री तर २००३ च्या कायद्यानेच बंद. टपरीवाल्याने भाचीला पाकीट फोडून एक काढून दिली आणि उरलेले सुट्टे पैसे परत केले.

परत येताना गाडीत मी तिला छाटणीचं सांगितलं. सिगरेटचं ऐकताना मोबाइलमध्ये होती, एप्रिल छाटणी म्हटल्यावर मान वर केली, बागेत वाढलेली पोरगी आहे. जरा वेळाने म्हणाली, "मग आता सोडली तर?" मी खोटं बोलले नाही. हृदय, फुफ्फुसं लवकर सावरायला लागतात, स्तनाचं मात्र सावकाश, एका मोठ्या अमेरिकन पाहणीत सोडल्यावरही वीस वर्षांपर्यंत थोडा जास्त धोका दिसत होता. पण तू सुरू करून सहा महिने झालेत, त्या बायकांनी कित्येक वर्षं ओढली होती.

"सहा नाही," ती म्हणाली, "अकरावीपासून."