बोनेटवरची पाखरं आणि केळीचा डाग

आखाजीपर्यंत आपल्याकडच्या गाड्यांच्या तोंडावर असते ती नुसती धूळ. फडकं मारलं की गेली. मृगाचा पहिला पाऊस पडला की मात्र चित्र बदलतं. जमिनीतून पंख फुटलेली वाळवी निघते, पिकांची मुळं कुरतडणाऱ्या हुमणी अळीचे भुंगेरे निघतात, आणि संध्याकाळी रस्त्याला लागलेली प्रत्येक गाडी त्यांच्यातून वाट काढत जाते.

अशाच एका जूनमध्ये मी चोपड्याहून निघालो. अडावद, धानोरा, किनगाव करत यावलला पोचेपर्यंत काचेवर टपटप चालूच होतं. मी वायपर फिरवला आणि फसलो. कोरड्या काचेवर पांढुरका लेप पसरला. समोरून केळीचा ट्रक आला, तर त्याचे दिवे त्या लेपात असे फाकले की रस्ताच दिसेना. किड्यांच्या अंगात साठवलेली चरबी असते, वायपर तीच सारवत होता. आधी काचेवर भरपूर पाणी सोडायचं आणि मग वायपर चालवायचा, हे तेव्हा कळलं.

गाडी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उन्हात राहिली. मग वॉशिंग सेंटरवर नेली, तिथल्या पोरानं भांडी घासायची हिरवी घासणी घेतली आणि मनापासून घासलं. डाग निघाले. गोल गोल ओरखडे मात्र आजही बोनेटवर आहेत, सकाळचं तिरपं ऊन पडलं की नीट मोजता येतात.

त्या पोराचा राग येत नाही. हा डाग चिवटच असतो, आणि का ते केळीच्या बागेत काम केलेल्या माणसाला पटकन समजेल. केळीचं पाणी सदऱ्याला लागलं तर आधी काहीच दिसत नाही. थोड्या वेळानं तपकिरी डाग उमटतो, आणि मग तो सदरा कायमचा मळ्यातला होतो. भरतासाठी आणलेलं वांगं कापून ठेवलं तरी काळं पडतं. दोन्हीकडे एकाच जातीची विकरं, म्हणजे एन्झाइम, काम करतात. हवेतला ऑक्सिजन मिळाला की ती वनस्पतीतल्या फिनॉल गटाच्या रसायनांना गडद रंगात बदलतात. किड्याच्या रक्तातही याच कुळातलं विकर असतं. त्याला जखम झाली की ते कामाला लागतं, रक्त थिजवतं, काळं करतं आणि भोक बुजवतं. ही किड्याची मलमपट्टीच. फक्त बोनेटवर आपटल्यावर बांधायला किडाच उरलेला नसतो, आणि मलमपट्टी आपल्या रंगाला बसते.

किड्याचं रक्त लाल नसतं, हे जाता जाता सांगायला हवं. किडे ऑक्सिजन रक्तातून वाहून नेत नाहीत, अंगभर पसरलेल्या बारीक हवानळ्यांतून तो थेट पोचतो. त्यामुळे त्यांच्या रक्ताला हिमोग्लोबिन लागत नाही, ते पिवळसर किंवा हिरवट असतं. काचेवर लाल ठिपका दिसला तर बहुधा एखादी मादी डास नुकतीच कुणाचं तरी रक्त पिऊन निघाली होती, नाहीतर तो किड्याच्या डोळ्यांतला रंग आहे.

उरलेलं काम ऊन करतं. या चिकट द्रवात प्रथिनं भरपूर, आणि प्रथिनं तापली की अंड्यासारखी वागतात. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६० अंशांच्या पुढे घट्ट व्हायला लागतो. जळगाव-भुसावळच्या उन्हात गडद रंगाचा पत्रा ते तापमान सहज गाठतो. म्हणजे आपण बोनेटवर किड्यांचं आम्लेट भाजत असतो. आणि ते भाजतं ते गाडीच्या रंगावरच्या पारदर्शक थरावर, ज्याची जाडी साधारण ४०-५० मायक्रॉन, डोक्याच्या केसापेक्षाही कमी. रासायनिक डाग या थरात मुरला की वरून कितीही घासा, आपण घासतो तो थरच.

म्हणून इथे जोर लावायचाच नाही, पाणी आणि वेळ द्यायचा. गाडी सावलीत घ्यायची, पत्रा निवू द्यायचा. जुना टॉवेल पाण्यात भिजवून बंपरवर आणि बोनेटच्या पुढच्या कडेवर दहा-पंधरा मिनिटं पसरून ठेवायचा. वाळलेलं प्रथिन पाणी पितं, फुगतं, सैल होतं. मग गाडी धुण्याचा शाम्पू आणि मऊ फडकं पुरतं. एका फेरीत निघालं नाही तर पुन्हा टॉवेल. पाणी कोमट चालेल, उकळतं नको. अंडं उकळत्या पाण्यात टाकल्यावर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे.

शाम्पूचा रेणू दुतोंडी असतो, एक टोक पाण्याला धरतं, दुसरं चरबीला. आजीच्या रेशमी लुगड्यासाठी रिठे भिजत घालायचे, त्या फेसातही हेच काम चालायचं. प्रथिनांसाठी वेगळा उपाय आहे, तो म्हणजे प्रथिनं तोडणारी विकरं. शहाद्याकडच्या पपईच्या चिकात असलेलं पपेन हे असंच एक विकर, मटण शिजायला कच्च्या पपईची फोड टाकतात ती त्याचसाठी. किडे काढायच्या काही खास द्रावणांत विकरं वापरलेली असतात. म्हणून कुणी पपईचा चीक बोनेटला चोळायला जाऊ नका, तो हातालाही झोंबतो.

रॉकेलच्या बोळ्याबद्दल माझं मत वाईट आहे. चरबी तो काढतो, पण सोबत मेणाचं पॉलिशही धुऊन नेतो आणि मागे तेलकट पापुद्रा ठेवतो, ज्यावर कापसाच्या वावरातली सगळी धूळ येऊन बसते. हेल्मेटच्या काचेला तर रॉकेल-पेट्रोल लावूच नये, ती प्लॅस्टिकची असते आणि तिला बारीक तडे जातात. तिथेही ओला कपडा आणि पाच मिनिटं.

डाग बसूच नये म्हणून काय करावं? सगळ्यात स्वस्त उपाय घड्याळाचा. वाळवीचं उड्डाण आणि भुंगेऱ्यांचं निघणं, दोन्ही पहिल्या पावसानंतरच्या दिवेलागणीचे खेळ. तेवढा तास-दीड तास चहात घालवला तरी बराच फरक पडतो. दुसरा उपाय वेगाचा. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, ४० ऐवजी ८० च्या वेगानं गेलात तर चौपट. शिवाय चिलटं, पांढरी माशी यांसारखे हलके जीव हवेच्या झोतासोबत बोनेटवरून वर निसटू शकतात. बोंडअळीचा पतंग किंवा भुंगेरा जड असतो, झोत वळला तरी तो वळत नाही, सरळ येऊन आदळतो.

मेण, सिरॅमिक कोटिंग, पारदर्शक फिल्म यांनी किडे यायचे थांबत नाहीत, पण डागाला नीट पकड मिळत नाही आणि पाणी लवकर आत शिरतं. हा प्रश्न विमानांनाही छळतो. पंखावर चिकटलेला किडा हवेचा गुळगुळीत प्रवाह बिघडवतो आणि इंधन जास्त जळतं. नासानं २०१५ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात बोइंग ७५७ विमानाच्या पंखांवर न चिकटणारे लेप लावून चाचण्या घेतल्या. त्यातल्या एका लेपानं किड्यांचे डाग सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. नासाची ही गत, तर माझ्या जुन्या गाडीवरच्या पॉलिशकडून किती अपेक्षा ठेवायची!

रेडिएटरची जाळी विसरू नका. ती किड्यांनी बुजली की शिरपूरच्या पुढे सातपुड्याचा घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो. पाण्याचा झोत मंद ठेवावा आणि जमेल तिथे आतून बाहेर सोडावा, नाहीतर पातळ पट्ट्या वाकतात.

ब्रिटनमध्ये हेच डाग लोक मोजतात. नंबरप्लेट ठरावीक मापाची, म्हणून मोजणी तिच्यावर. २००४ मध्ये तिथल्या पक्षिमित्रांच्या संस्थेनं वाहनचालकांकडून मोजून घेतलं, तेव्हा सरासरी दर ५ मैलांना एक किडा निघाला. २०२१ मध्ये पुन्हा मोजलं तर संख्या जवळपास ६० टक्क्यांनी घटलेली.

यंदा जूनमध्ये मी टॉवेल भिजवून आणला, तर आमचे तात्या बंपरसमोर उकिडवे बसलेले. काडीनं एक तपकिरी भुंगेरा उलटापालटा करून म्हणाले, "हुमणी निंघनी वाटस." दोन मिनिटं थांब म्हणाले, नंबरप्लेटवरचे मोजले, आणि रात्री बांधावरचा निंब हलवायला माणसं बोलावली. खाली पडलेले भुंगेरे ज्या बादलीत टाकायचे तिच्यात पाणी होतं आणि वर थोडं रॉकेल. माझ्या डिकीतलीच बाटली नेली होती.