आधी पत्ता, मग मन

व्हिडिओवरून मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरचा पहिला प्रश्न बऱ्याचदा मनाबद्दल नसतोच. ‘आत्ता नेमका कुठे आहेस? खोलीत आणखी कोणी आहे?’ हॉस्टेलमधल्या मुलाला ही पोलिसी चौकशी वाटू शकते. पण बोलता बोलता जीव द्यायची भाषा आली, तर मदत कुठे पाठवायची हे आधीच ठाऊक हवं. मुलं सुट्टीत घरी जातात, परीक्षेला परततात; मागच्या वेळचा पत्ता आज चालत नाही.

पडद्यावरून उपचार करायची कल्पना जुनीच. नेब्रास्का विद्यापीठात १९५९ मध्येच दुहेरी टीव्ही जोडणीवरून गटोपचार करून पाहिले गेले. नैराश्य आणि चिंतेवर व्हिडिओतून केलेले संवादोपचार प्रत्यक्ष भेटीतल्या उपचारांच्या जवळपास बरोबरीचे ठरतात, असं पुढे अनेक चाचण्यांत दिसलं.

बघण्यात मात्र फसगत होते. कॅमेरा पडद्याच्या वर असतो, त्यामुळे डॉक्टरच्या चेहऱ्याकडे बघणाऱ्या मुलीची नजर झुकलेली दिसते. नजर टाळणं हे लक्षण समजणाऱ्याने इथे सावध राहिलेलं बरं. हातांची थरथर चौकटीबाहेर राहते, दारूचा वास तर येतच नाही. लिथियम हे मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध चालू असेल तर रक्ततपासणीला जावंच लागतं.

माझ्या मते खरा फायदा आहे तो पाठपुराव्यात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. पंचविशीच्या आतल्या काही रुग्णांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढूही शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००७ मध्ये हा इशारा २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. म्हणून गोळ्या मनाने बंद न करता डॉक्टरला लगेच कळवायचं. नेमक्या याच दिवसांत वारंवार विचारपूस हवी आणि नेमक्या याच दिवसांत, झोप उडालेली, सबमिशन तोंडावर आलेलं, म्हणून मुलं भेट बुडवतात. दोन तासिकांमधला छोटा कॉल त्यांना जमतो.

अडतं ते खोलीपाशी. हेडफोन लावला तर डॉक्टरचं बोलणं झाकलं जातं, आपलं नाही! रूममेट शेजारी असेल तर मूल ‘बरं चाललंय’ म्हणून मोकळं होतं. अशा वेळी काही डॉक्टर हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न विचारतात, नाजूक गोष्ट टाइप करायला सांगतात. कॉल मध्येच तुटला तर कोणी कोणाला फोन करायचा, हेही पहिल्याच भेटीत ठरवतात. कॉलेजांनी महागडी अ‍ॅप्स घेण्याआधी आतून कडी लागणारी एक रिकामी खोली आणि बरं इंटरनेट दिलं, तरी निम्मं काम होईल.