चाकाच्या आधीची काळी किनार

इजिप्तचा कुंभार म्हटलं की चाकावर माणूस घडवणारा ख्नुम देव आठवतो, आणि चाक आलं म्हणून तिथली मडकी सुधारली असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तिथली सर्वांत देखणी भांडी चाकाच्या दीड हजारएक वर्षं आधीची, नुसत्या हातांनी केलेली आहेत.

इ.स.पू. ४०००च्या सुमाराची, फेरोंच्या आधीच्या नकादा संस्कृतीची भांडी पाहा. अंग तांबडं, काठ काळाभोर. काठाला रंग लावलेला नाही, ती सगळी भाजणीची करामत. नाईलच्या गाळात लोह भरपूर. भांडं अर्धवट सुकलं की गेरूचा हात द्यायचा, गुळगुळीत गोट्याने घोटायचं आणि ६०० ते ८०० अंश सेल्सिअसला भाजायचं. हवा खेळती असली की लोहाचं हेमॅटाइट होतं, म्हणजे तांबडं. काठ मात्र भुशात पालथा रुतवला, की तिथे ऑक्सिजन पोचत नाही. हेमॅटाइटचं काळं मॅग्नेटाइट होतं, शिवाय धुराची काजळी मातीच्या छिद्रांत मुरते. काळेपणात मोठा वाटा या काजळीचाच. भांडं लालबुंद असताना उघड्यावर काढलं तर काजळी जळून काठ पुन्हा तांबडा. फार निवल्यावर रुतवलं तर भुसा धुमसतच नाही. आच जास्त चढली तर घोटलेली चकाकी जाते.

विदर्भातल्या महापाषाणयुगीन दफनांतही काळी-तांबडी भांडी निघतात. त्यावरून इजिप्तशी नातं जुळवू नये. मध्ये अडीच हजारांहून जास्त वर्षं आहेत, आणि लोह व धूर कुठेही सारखेच वागतात.

चाक आलं ‘जुन्या राज्यात’, म्हणजे पिरॅमिडांच्या काळात. सक्कारा इथल्या ‘ती’ नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातल्या भिंतचित्रात (सुमारे इ.स.पू. २४००) कुंभार एका हाताने चकती फिरवतो, दुसऱ्याने भांडं घडवतो. पायाने फिरवायचं चाक पर्शियन अमलात, खार्गा मरूद्यानातल्या हिबिसच्या मंदिरात कोरलेलं दिसतं.

चाकापेक्षा मोठा बदल मातीचा. इ.स.पू. ३५००च्या पुढे दक्षिण इजिप्तमधल्या केनाकडची चुनखडीची माती वापरात आली. भांडं फिकट, घट्ट, कमी पाझरणारं. पण तिला आच जास्त लागते, म्हणून पुढे खाली जाळ आणि वर भांडी अशा उभ्या भट्ट्या आल्या. चुनखडीचा खडा राहिला तर भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो. भांडं निवल्यावर तो हवेतली ओल पिऊन फुगतो. भट्टीतून धड निघालेल्या भांड्याचा टवका काही दिवसांनी उडतो, आणि खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो.