लिनिअर ड्रेन : टाइलच्या शॉवरमधील निवड आणि बसवणी

लिनिअर ड्रेन म्हणजे शॉवरच्या जमिनीत बसवलेली लांबट, अरुंद पन्हळ. तिच्यावर उचलून काढता येणारी जाळी असते आणि पन्हळीत उतरलेले पाणी एका तोंडातून सांडपाण्याच्या नळीत जाते. नेहमीच्या मोरीत पाणी एका बिंदूकडे जाते, इथे ते एका रेषेकडे जाते. एवढ्या फरकाने जमिनीचा ढाळ, टाइलचा आकार, उंबरठ्याची गरज आणि वॉटरप्रूफिंगचा तपशील असे सगळेच बदलते. तयार ड्रेन बहुधा ६०० ते १५०० मिमी लांबीचे असतात. काही प्रकार जागेवर मापाने कापता येतात.

निवड करताना बहुतेकांची नजर आधी जाळीच्या नक्षीवर जाते. खरे तर जाळी सर्वांत शेवटी ठरवावी. ड्रेन कुठे बसणार, जमीन किती उतरणार, खाली किती खोली मिळणार आणि वॉटरप्रूफिंगचा थर ड्रेनला कसा चिकटणार, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मे पर्याय आपोआप गळतात. उरलेल्यांतून जाळी निवडायला वेळ लागत नाही.

ढाळ

मध्यभागी चौकोनी जाळी असली की जमीन चारही बाजूंनी तिच्याकडे उतरवावी लागते. पाकिटाच्या पाठीवर असतात तशा चार तिरप्या घड्या जमिनीत तयार होतात. मोठी टाइल अशा घडीवर बसत नाही. एक कोपरा वर राहतो, नाहीतर टाइल घडीवर तिरपी कापावी लागते. म्हणून अशा जमिनीला साधारण ५० मिमीच्या छोट्या टाइलचे मोझेक वापरण्याचा प्रघात पडला. लिनिअर ड्रेन भिंतीलगत बसवला की जमीन एकाच सपाट पातळीत एका दिशेने उतरते आणि ६०० × ६०० मिमीची टाइलसुद्धा न कापता बसते. गवंड्याचे काम सोपे होते, सांधे कमी होतात, भिंत आणि जमीन यांच्या रेषा जुळवता येतात.

सांधे कमी झाले की पायाची पकडही कमी होते, हे मात्र जाहिरातीत कोणी सांगत नाही. मोझेकच्या जमिनीवर ग्राउटच्या (टाइलचे सांधे भरणाऱ्या मिश्रणाच्या) रेषांचे जाळे असते आणि ओल्या, साबणाच्या पायाला त्याचाच आधार मिळतो. मोठी टाइल वापरायची तर ती खरबरीत किंवा मॅट पृष्ठभागाचीच हवी. अनवाणी, ओल्या पायांसाठीच्या डीआयएन ५१०९७ या जर्मन मानक चाचणीने टाइलला अ, ब, क अशा तीन श्रेणी दिल्या; आता तिची जागा ईएन १६१६५ ने घेतली आहे. शॉवरसाठी किमान ब श्रेणी पाहावी. चकचकीत पॉलिश टाइल भिंतीवर शोभते, तिथेच ठेवावी.

अमेरिकेतील प्लंबिंग संहितेनुसार शॉवरच्या जमिनीला फुटामागे किमान पाव इंच ढाळ लागतो, म्हणजे सुमारे २ टक्के. कमाल मर्यादा फुटामागे अर्धा इंच. हिशेब सोपा आहे. ड्रेनपासून समोरची भिंत १५०० मिमीवर असेल तर २ टक्क्यांनी ती बाजू ३० मिमी उंच येते. तोच ड्रेन शॉवरच्या मध्यावर आडवा टाकला तर दोन्हीकडून ७५० मिमीचा ढाळ लागतो आणि उंची १५ मिमीवर येते, पण जमिनीचे दोन उतार होतात. ढाळ मोजायचा तो वरच्या टाइलवर नव्हे, तिच्याखालच्या थरावर आणि टाइल लावण्यापूर्वी. टाइलखालच्या चिकट मसाल्याने ढाळ दुरुस्त करू पाहणारा गवंडी पुढच्या ओळीत हमखास अडतो.

जागा

ड्रेनच्या रूढ जागा तीन. पहिली, शॉवरच्या आतल्या भिंतीलगत. पाणी प्रवेशापासून दूर वाहते आणि ड्रेन फारसा दिसत नाही. बहुतेक घरांसाठी हीच जागा सरस. दुसरी, प्रवेशाशी. उंबरठा नसलेल्या, व्हीलचेअर आत नेता येईल अशा शॉवरमध्ये ती निवडतात. इथे ड्रेन पाण्याचा शेवटचा अडसर असतो, त्यामुळे तो प्रवेशाच्या पूर्ण रुंदीचा हवा. बाजूला १०० मिमी जागा सुटली तरी पाणी तिथूनच बाहेर पडते. शिवाय सगळे पाणी दाराच्या दिशेने येत असते, म्हणून जाळीची आणि तोंडाची क्षमता सढळ ठेवावी लागते. तिसरी जागा मध्यावर. उंची वाचते खरी, पण पाय नेमके जाळीवर पडतात आणि एकसंध जमिनीचा मूळ फायदा अर्धा होतो.

भिंतीलगतच्या ड्रेनच्या दोन टोकांकडे दुर्लक्ष होते. शॉवर ९०० मिमी रुंद आणि ड्रेन ८०० मिमीचा असला तर दोन्ही बाजूंना ५० मिमीचे तुकडे उरतात. त्या तुकड्यांवर आलेले पाणी थेट ड्रेनमध्ये जात नाही. तिथे बाजूने छोटा ढाळ द्यावा लागतो, नाहीतर कोपऱ्यात पाणी साचून ग्राउट काळे पडते. भिंतीपासून भिंतीपर्यंत जाणारा, जागेवर कापता येणारा ड्रेन महाग असला तरी ही कटकट मिटवतो. माप घेताना कच्च्या भिंतीतले अंतर धरू नये. गिलावा, मेम्ब्रेन (वॉटरप्रूफिंगचा थर), मसाला आणि टाइल मिळून प्रत्येक भिंत आत सरकते आणि दोन्हीकडचे ते मिलिमीटर ड्रेनच्या लांबीतून वजा होतात.

खोली, ट्रॅप आणि वहनक्षमता

पन्हळ उथळ असली तरी तिच्याखाली ट्रॅप लागतो. सांडपाण्याच्या नळीतला वास आणि किडे वर येऊ नयेत म्हणून त्यात पाणी अडवलेले असते. युरोपातील ईएन १२५३ या मानकात हा जलबंध ५० मिमीचा धरला आहे. कमी खोलीच्या घरांसाठी २५-३० मिमी जलबंधाचे ड्रेन मिळतात, पण न्हाणीघर बराच काळ बंद राहिले की तेवढे पाणी उडून जाते आणि वास येऊ लागतो. खाली जागा काढता येत असेल तर उथळ ट्रॅप घेऊ नये. स्लॅबवरच्या कामात ही जागा आधीच सोडलेली हवी. नंतर स्लॅब तासून ती करू पाहणे म्हणजे सळयांशी खेळणे.

क्षमतेचे गणित असे. पावसासारखा मोठा शॉवर मिनिटाला २० लिटर पाणी सोडतो असे धरले तर सेकंदाला सुमारे ०.३३ लिटर होतात. सोबत हातशॉवर किंवा भिंतीवरचे फवारे असतील तर आकडा दुप्पट होऊ शकतो. सगळे नळ एकदम उघडे असतानाची बेरीज धरून ड्रेन निवडावा. माहितीपत्रकातला वहनक्षमतेचा आकडा जाळीवर किती पाणी उभे असताना मोजला आहे, हे त्याच ओळीत लिहिलेले असते: १० मिमी किंवा २० मिमी. उंबरठा नसलेल्या शॉवरमध्ये २० मिमी पाणी उभे राहण्याआधीच ते खोलीत पसरलेले असते. तिथे १० मिमीचा आकडाच उपयोगाचा.

पन्हळीच्या आत तोंडाकडे उतार आहे का, हे जाळी उचलून पाहावे. तळ सपाट असला की पाण्याचा पातळ थर मागे राहतो, त्यात साबण आणि केस अडकतात आणि काही आठवड्यांत गुळगुळीत, दुर्गंधी थर जमतो. स्वस्त आणि चांगल्या ड्रेनमधला सर्वांत मोठा दृश्य फरक हाच. तळ इंग्रजी व्ही आकाराचा किंवा तोंडाकडे उतरता, आणि सांधे गुळगुळीत वेल्ड केलेले असावेत.

धातू आणि जाळी

स्टेनलेस पोलाद ३०४ दर्जाचे असले तरी घरगुती वापराला पुरते. समुद्राजवळ किंवा खारट, क्लोरिनयुक्त पाणी असेल तर ३१६ दर्जा घ्यावा. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि क्लोराइडमुळे पडणाऱ्या खड्ड्यांना ते जास्त दाद देत नाही. टाइल लावून झाल्यावर ग्राउटचे डाग काढायला ॲसिड ओतण्याची सवय मात्र दोन्ही दर्जांना मारक आहे. हायड्रोक्लोरिक ॲसिडने नवे कोरे पोलाद एका दिवसात तांबूस डागाळते. पीव्हीसी किंवा एबीएस प्लास्टिकचे अंग असलेले ड्रेन गंजत नाहीत आणि नळीला सरळ चिकटतात. फक्त नळी ज्या प्लास्टिकची, त्यालाच चालणारे सोल्यूशन हवे.

छिद्रांची, फटीची किंवा टाइल बसवता येणारी, असे जाळीचे प्रकार असतात. टाइलच्या जाळीत ड्रेन जवळजवळ दिसेनासा होतो आणि कडेने काही मिलिमीटरची फट उरते. ती सुंदर दिसते, पण टाइलसकट जाळी जड होते आणि केस काढायला ती वारंवार उचलावी लागते.

जोड

शॉवर गळतो तो बहुधा टाइलच्या सांध्यातून नव्हे. सिमेंटचा ग्राउट पाणी शोषतोच. टाइल हा वॉटरप्रूफिंगचा भाग नाही, त्याचे संरक्षण करणारा थर आहे. पाणी खरोखर अडवते ते खालचे मेम्ब्रेन, आणि मेम्ब्रेन जिथे ड्रेनला भेटते ती जागा सर्वांत नाजूक.

जुन्या पद्धतीत मेम्ब्रेन ढाळाच्या मसाल्याखाली असते आणि ड्रेनच्या दोन कड्यांमध्ये बोल्टने दाबले जाते. मसाल्यात मुरलेले पाणी पाझर-छिद्रांतून ड्रेनमध्ये उतरते. ती छिद्रे मसाल्याने बुजली की ढाळाचा सगळा थर कायम ओला राहतो. हल्लीच्या लिनिअर ड्रेनमध्ये मेम्ब्रेन ढाळाच्या वर, टाइलच्या लगेच खाली असते आणि ड्रेनच्या रुंद फ्लँजला (कडेने बाहेर आलेल्या सपाट पट्टीला) चिकटते. अमेरिकेत अशा मेम्ब्रेनसाठी एएनएसआय ए११८.१० हे मानक आहे, युरोपात द्रवरूप लेपांसाठी ईएन १४८९१.

फ्लँज कसा आहे, यावर ड्रेनचा दर्जा ठरवावा. गुळगुळीत पोलादावर द्रवरूप लेप नीट धरत नाही. नखाने खरवडला तरी सालीसारखा निघतो. म्हणून चांगल्या ड्रेनच्या फ्लँजवर कारखान्यातच वाळू चिकटवलेली असते किंवा त्याला कापडी पट्टी जोडलेली असते. नुसता चकचकीत फ्लँज आणि सोबत सिलिकॉन सीलंटची ट्यूब, असे काही हाती आले तर ते परत करावे. फ्लँज स्पिरिटने पुसून तेलकटपणा काढायचा, त्यावर लेप द्यायचा, लेप ओला असतानाच जाळीदार पट्टी त्यात दाबायची आणि वरून दुसरा हात. पट्टीखाली हवेचा फुगा राहिला तर ती जागा कापून पुन्हा करायची. आतले कोपरे आणि नळीभोवतीची जागा तयार तुकड्यांनी झाकावी. कापडाची घडी घालून कोपरा भागवू नये.

मेम्ब्रेन एकाच उत्पादकाचे आणि ड्रेनही त्याच प्रणालीतला असला तर उत्तम. वेगवेगळे घेतले तर दोन्ही एकमेकांना चालतात, असे लेखी मिळाल्याशिवाय काम सुरू करू नये.

बसवणी

ड्रेन आधी बसतो, ढाळ नंतर. ड्रेनचे अंग दोन्ही टोकांना पाणसळीने सपाट ठेवतात (उतार पन्हळीच्या आत असतो, बाहेर नव्हे) आणि तोंड नळीला जोडून पाणी ओतून जोड तपासतात. मग अंगाखालची पूर्ण जागा मसाल्याने गच्च भरतात. इथे आळस झाला की ड्रेन पायाखाली किंचित दबतो. रोजच्या त्या हालचालीने फ्लँजवरचे मेम्ब्रेन वर्षभरात फाटते. मसाला सुकल्यावर बोटाने टिचकी मारून पाहावी, पोकळ वाजले तर काढून पुन्हा भरावे.

ढाळासाठी ४ किंवा ५ भाग वाळू आणि १ भाग सिमेंट, मुठीत दाबले तर गोळा टिकेल इतपतच ओले, असे मिश्रण वापरतात. भिंतीवर ढाळाच्या रेषा आखून, त्या रेषांवर पट्ट्या बसवून, लांब सरळ फळीने मसाला ओढतात. उताराचे तयार फोमचे फलकही मिळतात. मापात बसले तर वेळ वाचतो, पण न बसणाऱ्या खोलीत त्यांची कापाकापी मसाल्यापेक्षा जास्त वेळ घेते.

ढाळावर मेम्ब्रेनचा लेप देऊन तो सुकला की चाचणी. तोंडात बूच मारून जमिनीवर २५ ते ५० मिमी पाणी भरायचे. उंबरठा नसेल तर प्रवेशाशी तात्पुरता बांध घालायचा. पातळीवर पेन्सिलने खूण करून २४ तास थांबायचे. शेजारी त्याच उंचीचे पाणी भरलेली बादली ठेवली तर बाष्पीभवनाने किती उतरले ते कळते. जमिनीवरचे त्याहून जास्त उतरले तर गळती आहे. खालच्या छताकडेही पाहावे. टाइल लावल्यावर ही चाचणी करणाऱ्यांना दोष सापडतो, पण तो दुरुस्त करायला सगळे फोडावे लागते.

टाइलखाली मसाला ओल्या भागात किमान ९५ टक्के पसरलेला हवा. एखादी टाइल लावून लगेच उचलून मागची बाजू पाहिली की कळते. जाळीच्या कडेशी टाइल १-२ मिमी वर ठेवावी. जाळी वर राहिली तर पाणी तिच्याआधीच थबकते. भिंत व जमीन यांचा सांधा आणि ड्रेनभोवतीची कड ग्राउटने न भरता सिलिकॉनने भरतात, कारण तिथे हालचाल होते.

देखभाल

केस अडवणारी आतली जाळी आठवड्याला काढून धुवावी. पन्हळ नळाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने पुसली की पुरे; तारेची घासणी पोलादावर ओरखडे पाडते आणि तिचे कण गंजून ड्रेनच गंजल्यासारखा दिसतो. शॉवर बराच काळ वापरात नसेल तर ट्रॅपमध्ये अधूनमधून एक तांब्या पाणी ओतावे.