आकड्याआधी घरच्यांचे प्रश्न

समजा, यवतमाळजवळच्या खेड्यातला नऊ वर्षांचा मुलगा आहे. वाचता येत नाही, शाळेतून पळून येतो. बाप हात उगारतो, आई पाठीशी घालते, आजी म्हणते, "सुनेच्या लाडानं पोट्टं बिघडलं." तालुक्याला नाही, थेट जिल्ह्याला नेऊन चाचणी होते. कागदावर येतं: बुद्ध्यांक ८४. घरी पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ उरतो, "डॉक्टरनं मठ्ठ सांगितला."

कागद असा नुसता हातात ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. या चाचण्यांत सरासरी १०० धरतात आणि साधारण दोन-तृतीयांश मुलं ८५ ते ११५ च्या मध्ये असतात. शिवाय कोणत्याही मोजणीत पाच-सहा गुण इकडेतिकडे होतातच. ठोकळे जुळवण्यात मुलगा हुशार आणि शब्दांत मागे असेल, तर एकूण आकडा दोन्ही गोष्टी झाकतो. घरी वऱ्हाडी, कोलामी किंवा मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत शब्दार्थ विचारले, तर बुद्धीपेक्षा भाषाच जास्त मोजली जाते. मानसशास्त्रज्ञ मालिन यांनी वाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचं (मूल रोजची कामं वयाच्या मानानं किती करतं, हे पाहणाऱ्या चाचणीचं) ‘नागपूर रूपांतर’ केलं, ते चाचणी इथल्या जगण्याला धरून असावी म्हणूनच.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीफन फिन यांच्या पद्धतीत चाचणीआधीच घरच्यांचे प्रश्न लिहून घेतात. बाप विचारतो, "हा मुद्दामून करते का?" आई विचारते, "माझं काय चुकलं?" निकाल मग या प्रश्नांची उत्तरं म्हणून सांगतात: घरच्यांना आधीच जाणवलेलं प्रथम, पचायला जड ते शेवटी. मुलाला तेच एखाद्या गोष्टीतून सांगतात.

कुटुंबोपचाराच्या, म्हणजे सगळ्या घराला एकत्र बसवून बोलण्याच्या, बैठकीत याचा खरा उपयोग होतो. वाचता येत नाही म्हणून मार, माराच्या भीतीनं पळणं, पळाला म्हणून आणखी मार, हा फेरा सगळ्यांना एकत्र दिसतो. म्हणून आजीही तिथं हवी. घरात तिचा शब्द चालतो. शाळेला काय कळवायचं, हेही तिथंच ठरावं, कारण गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही.

वाचनाच्या वेगळ्या तपासणीत अध्ययन अक्षमता (बुद्धी असूनही वाचणं-लिहिणं किंवा गणित अडणं) निघाली, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. आशाताईंकडे चौकशी करा. अहवाल घेताना मात्र विचाराच: याला काय चांगलं जमतं, कुठं अडतं आणि उद्यापासून आम्ही घरी काय बदलायचं?