किती टक्के भाजले?

जळीत रुग्ण आला की पहिला प्रश्न टक्क्यांचाच असतो, म्हणजे शरीराचा किती टक्के पृष्ठभाग भाजला. ही टक्केवारी मोजण्याची रीत मोठ्या दुर्घटनांतून घडत गेली. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी बोस्टनमधल्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबच्या आगीत ४९२ जणांचा बळी गेला. बोस्टनमधल्याच लुंड आणि ब्राउडर या डॉक्टरांनी १९४४ मध्ये वयानुसार तक्ता दिला. नवजात बाळाचं डोकं म्हणजे शरीराचा १९ टक्के पृष्ठभाग, प्रौढाचं अवघं ७, हे त्यात मांडलेलं होतं. पुढे घाईत वापरायला सोपा असा नऊचा नियम रुळला; त्यात शरीराचे ९ किंवा ९ च्या पटीतल्या टक्क्यांचे भाग धरतात. १९६१ मध्ये फ्रेंच डॉक्टर बो यांनी वय आणि टक्के यांची बेरीज करून धोका सांगितला. धूर श्वासनलिकेत गेला असेल तर त्यात १७ मिळवायचे, ही भर नंतरची.

खरी अडचण गर्दीत येते. एकाच वेळी अनेक जखमी आले की आधी कुणाला बघायचं हे रंगीत ओळखपट्टीने ठरवतात. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात तयार झालेल्या स्टार्ट या अशा पद्धतीत चालू शकणाऱ्याला हिरवी पट्टी, म्हणजे तो थांबू शकतो. पण ७० टक्के भाजलेला माणूसही पहिल्या तासात चालत येतो, नीट बोलतो, पाणी मागतो. खोलवर भाजलेल्या जागी मज्जातंतूच जळालेले असल्याने तिथे वेदनाही कमी असते. काही तासांत तो शॉकमध्ये जातो, म्हणजे शरीरातला द्रव कमी होऊन रक्ताभिसरण कोलमडतं. मला ही पट्टी जळीताच्या बाबतीत धोक्याची वाटते.

उलट चूकही तितकीच घातक. काजळी आणि नुसती लाली टक्क्यांत धरायची नसते; तीही मोजली की आकडा फुगतो. किती द्रव द्यायचा हे सांगणाऱ्या १९६८ च्या पार्कलँड सूत्राने (४ मिली × वजन × टक्के) ६० किलोच्या, ४० टक्के भाजलेल्या रुग्णाला पहिल्या २४ तासांत ९,६०० मिली सलाईन लागतं. घाईत ६० टक्के लिहिलं, तर १४,४०० मिली. जवळपास पाच लिटर जास्तीच्या द्रवाने अंगावर सूज चढते, फुफ्फुसांवर ताण येतो.

२००५ मध्ये अमेरिकेत खास सामूहिक जळितासाठी वय आणि टक्क्यांचा तक्ता आला. उपचारांचा फायदा आणि लागणारी साधनं यांचा मेळ त्यात घातला होता. २०१५ मध्ये तैवानच्या वॉटरपार्कमध्ये रंगीत पावडर पेटली. सुमारे ५०० जण भाजले, अनेकांचे टक्के ४० च्या वर, तरी मृत्यू १५. बहुतेक जण तरुण होते, आणि वयाचा हा हिशेब बो यांच्या बेरजेत आधीपासूनच होता.

जखमेची खोली मात्र पहिल्या दिवशी कुणालाच पक्की सांगता येत नाही. दोन-तीन दिवसांत ती वाढू शकते. त्यामुळे घटनास्थळी लिहिलेले टक्के कच्चे धरतात. रुग्णालयात जखमा धुऊन जळीत विभागाचे डॉक्टर पुन्हा मोजतात, आणि गरज पडल्यास पट्टीचा रंग बदलतात.